लहान मुलांना घेऊन कुठे जावं: अभयारण्यात की निसर्ग केंद्रात?

शहरापासून तासाभरावर अभयारण्य आहे, निसर्ग केंद्रही आहे, मुलं लहान आहेत आणि हाताशी एकच मोकळा दिवस आहे. अशा वेळी कुठे जावं, असं अलीकडे मला दोघातिघांनी विचारलं. गेली तीन वर्षं आम्ही दोन्हीकडे जात आलोय. मुलगी आता आठ वर्षांची आहे, मुलगा पाच. त्यामुळे जे लिहितोय ते याच वयाच्या मुलांना धरून. दहा-अकराच्या पुढच्या मुलांचा हिशेब वेगळा.

आधी अभयारण्याबद्दल, कारण सुरुवातीला मी पूर्णपणे त्याच बाजूचा होतो. तक्ते आणि काचेच्या पेट्या दाखवायला मुलांना एवढ्या लांब कशाला न्यायचं, खरं रान दाखवावं, असं वाटायचं. आणि मोठ्या शहरांच्या उंबऱ्याशी खरं रान असतंही. नैरोबीचं राष्ट्रीय उद्यान १९४६ सालचं, जेमतेम ११७ चौरस किलोमीटरचं. तिथे गेंडे आणि सिंह फिरत असतात आणि त्यांच्या मागे शहरातल्या उंच इमारती दिसतात. सिंगापूरच्या सुंगेई बुलोहमध्ये खारफुटीतून लाकडी वाट जाते आणि वाटेशेजारी हातभर लांबीच्या घोरपडी निवांत ऊन खात पडलेल्या असतात. अशा जागेची सर कुठल्याच दालनाला येत नाही. सकाळी लवकर पोहोचलं की हवेचा वास बदललेला मुलांनाही कळतो. पहिल्या खेपेला आमची मुलगी गाडीतून उतरल्यावर बराच वेळ नुसती उभी राहिली होती. ते मी विसरलेलो नाही.

खाडीकाठच्या किंवा समुद्राजवळच्या अभयारण्यात जाणार असाल तर भरती-ओहोटीची वेळ पाहूनच निघा. ओहोटीला चिखलाचा पट्टा लांबपर्यंत उघडा पडतो आणि पाणपक्षी खाण्यासाठी त्यावर दूरदूर पांगतात. भरती चढायला लागली की त्यांना किनाऱ्याकडे सरकावं लागतं, मग ते नुसत्या डोळ्यांनीही दिसतात. लहान मुलं बरोबर असताना याने फार फरक पडतो. पाच वर्षांच्या मुलाला दुर्बीण धरता येते, पण तिच्यातून पक्षी सापडत नाही. तो सापडेपर्यंत पक्षी उडालेला असतो आणि मुलगा हिरमुसलेला.

आता ज्या गोष्टीमुळे माझं मत फिरलं ती सांगतो. एका अभयारण्यात तळ्याकाठी पक्षी पाहण्यासाठी लाकडी खोपी होती. आडव्या फटी, आत बाकं, पाच-सहा माणसं कॅमेरे लावून बसलेली. आम्ही चौघं अगदी दबकत आत शिरलो. दहाएक मिनिटांनी समोरच्या वाळक्या फांदीवर खंड्या येऊन बसला. मान तिरकी करून पाण्याकडे पाहत राहिला, सरळ खाली सूर मारला आणि चोचीत मासा घेऊन त्याच फांदीवर परतला. मग मासा फांदीवर आपटायला लागला, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने. माझा मुलगा तेव्हा चार वर्षांचा होता. तो आनंदाने ओरडला, ‘बाबा, पकडला!’ आणि मी त्याच्या तोंडावर हात ठेवला.

खंड्या उडाला. शेजारचे गृहस्थ काही बोलले नाहीत, पण कॅमेऱ्यावरून मान वर करून त्यांनी आमच्याकडे पाहिलं. त्यांची चूक नव्हती. तासन्तास बसले असतील बिचारे. मुलाचीही नव्हती. पण परतीच्या वाटेवर मी दिवसभर काय काय बोललो ते आठवत गेलो. हळू बोल. पळू नकोस. ते उचलू नकोस. वाटेवरून खाली उतरू नकोस. यातली प्रत्येक सूचना योग्यच होती. रानातून पीस किंवा दगडही उचलू नये, हा नियम जनावरांच्या भल्यासाठी आहे आणि तो पाळायलाच हवा. पण चार वर्षांच्या मुलाची ओळख हातांनी होते, आवाजाने होते. त्याच्या सगळ्या दिवसावर मी ‘नको’ लिहून ठेवलं होतं. घरी आल्यावर खंड्याबद्दल तो काहीच बोलला नाही.

पुढच्या महिन्यात आम्ही एका लहानशा निसर्ग केंद्रात गेलो. इमारत जुनी, दालनं दोनच, मागे एक तळं आणि त्याला वळसा घालून परत दाराशी येणारी छोटी पायवाट. तळ्यातले जीव बघण्याचा कार्यक्रम होता. प्रत्येक मुलाच्या हातात लांब दांड्याची जाळी आणि दोघांत मिळून एक पांढरा पसरट ट्रे दिला. तळ्याचं पाणी ट्रेमध्ये ओतायचं, जाळी काठच्या गवतातून फिरवायची आणि ट्रेमध्ये उलटी करायची. पहिली काही मिनिटं नुसता गाळ दिसला. गाळ बसला तशी त्यात हालचाल सुरू झाली. इवलीशी गोगलगाय, उताणा पोहणारा एक किडा, आणि चतुराची अळी. मातकट, सहा पायांची, बेढब. हीच पुढे पंख फुटून तळ्यावर भिरभिरणार, हे मोठ्यांनाही पटू नये अशी. तिचा खालचा ओठ घडी घालून तोंडाखाली दडवलेला असतो. भक्ष्य टप्प्यात आलं की ती घडी झटक्यात उलगडते आणि टोकाच्या आकड्यांत भक्ष्य सापडतं. आमच्या ट्रेमध्ये तिने एक डासाची अळी तशी टिपली. मुलगा ओरडला. या वेळी कोणी मान वर केली नाही. उलट शेजारच्या ट्रेवरची मुलं धावत आली आणि तीही ओरडली. चतुराची अळी आपली जागच्या जागी खात राहिली.

आत घुबडाच्या गोळ्या होत्या. घुबड उंदीर अख्खा गिळतं. हाडं आणि केस पचत नाहीत, त्यांची गोळी करून ते तोंडावाटे बाहेर टाकतं. मुलीने चिमट्याने एक गोळी उकलली आणि त्यातून नखाएवढा जबडा दातांसकट काढला. काचेआड मधमाश्यांचं पोळं होतं. अन्न कुठे आहे ते माशी नाचून सांगते: सरळ रेषेत थरथरत चालते, त्या रेषेचा कल सूर्याच्या मानाने दिशा दाखवतो, आणि जितका वेळ थरथरते तितकं अन्न लांब. हे उलगडणाऱ्या कार्ल फॉन फ्रिश यांना १९७३ साली नोबेल मिळालं. मुलीला नोबेलशी देणंघेणं नव्हतं, पण तिने घरी दिवाणखान्यात ते नाचून दाखवलं.

केंद्रांत खोट नाही असं नाही. बरीच उशिरा उघडतात, तोवर पक्ष्यांची सकाळ संपलेली असते. शाळांच्या सहली येऊन धडकल्या की ट्रेपाशी उभं राहायला जागा मिळत नाही. काही ठिकाणी बटणं आणि पडदे इतके असतात की मुलं एक दाबून दुसऱ्याकडे पळतात आणि बघत काहीच नाहीत. बाहेर पडायचा रस्ता खेळण्यांच्या दुकानातून काढलेला असला तर शेवट रडारडीत होतो. पिंजऱ्यातल्या पक्ष्यांचं मला सुरुवातीला वाईट वाटायचं. पण एका केंद्रातल्या ताईंनी मुलांना सांगितलं की या घारीचा पंख मोडलाय, बाहेर सोडली तर जगणार नाही. त्यावर मुलाने विचारलेल्या सगळ्या प्रश्नांची त्यांनी उभ्याउभ्या उत्तरं दिली. अभयारण्यात ते काम माझ्यावर असतं, आणि मला निम्मी उत्तरं येत नाहीत.

दोन्ही एकाच आवारात मिळत असेल तर अर्थात उत्तमच. लंडनमध्ये जुन्या जलाशयांच्या जागी २००० साली उघडलेलं वेटलँड सेंटर तसं आहे: एकीकडे मुलांना खेळायला जागा, दुसरीकडे शांत खोप्या. अशी सोय थोड्याच शहरांत असते.

तुमची मुलं स्वभावानेच शांत असतील, किंवा तुम्हाला स्वतःला पक्ष्यांची जाण असेल, तर अभयारण्य तुम्हाला आमच्यापेक्षा खूप जास्त देईल. आम्हीही ते सोडलेलं नाही. गेल्या खेपेला मुलीने स्वतःहून तिकडे जायचं म्हटलं, आणि खोपीत तीच भावाच्या कानाशी कुजबुजत होती. पण पाचच्या आतबाहेरचं मूल असेल आणि पहिलीच वेळ असेल, तर मी तरी केंद्रातच जाईन, तेही भपकेबाज नव्हे, ज्याच्या मागे तळं आहे अशा. निघण्याआधी तिथे फोन करून एवढं विचारा की तळ्याचा कार्यक्रम त्या दिवशी आहे का, आणि जाळ्या मुलांच्या हातात देतात की कर्मचारीच फिरवून दाखवतात. कर्मचारीच फिरवत असतील तर दुसरं केंद्र बघा. मुलांना जादा कपड्यांचा एक जोड घ्या, बुटांसकट. आणि ट्रेमधलं पाणी तळ्यात परत सोडायला वेळ राखून ठेवा. आमच्याकडे त्यालाच सगळ्यात जास्त वेळ लागतो, कारण प्रत्येक जिवाचा निरोप घ्यायचा असतो.