निळ्या दिव्याचे साडेनऊ हजार

आम्ही सोलापूरच्या जुळे सोलापूर भागात राहतो. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, म्हणून उजनीचं पाणी टाकीत नि पिंपात साठवूनच प्यायचं. साठवणीत क्लोरीन उडून जातं, ही धास्ती मला होतीच. दारावर आलेल्या विक्रेत्यानं नेमकी तीच हेरली.

त्यानं दोन ग्लास मांडले. एकात आमचं पाणी, दुसऱ्यात त्यानं आणलेलं. दोन्हींत सळ्यांचं यंत्र बुडवून बटण दाबलं. दोन मिनिटांत आमचा ग्लास तपकिरी झाला, वर काळपट फेस. “ताई, हे तुमची मुलं पितात.” माझे हातपायच गळाले. पाणी शुद्ध करायचं त्याचं यूव्ही (अतिनील किरणांचं) यंत्र घेतलं, साडेनऊ हजार रोख मोजले. पावती मागितली तर हातात एक कार्ड ठेवलं.

तो गाळ पाण्यातला नव्हता, हे फार उशिरा समजलं. वीज सोडली की लोखंडी सळी झिजते आणि तिचाच गंज पाण्यात उतरतो. पाण्यात क्षार असतील तरच वीज नीट वाहते. त्याच्या ग्लासात ते जवळजवळ नव्हते, म्हणून ते पाणी नितळ राहिलं. शिवाय क्षार यूव्हीनं कमी होतच नाहीत! ते किरण जंतूंचा डीएनए बिघडवतात, तेवढंच त्यांचं काम. पाणी गढूळ असेल तर तेही धड होत नाही.

पावसाळ्यात धाकट्याला जुलाब लागले. त्या यूव्ही यंत्रामुळेच, असं छातीठोक नाही सांगता येणार. पण इलेक्ट्रिशियन असलेल्या भावानं प्लग काढून यंत्र उघडलं, तर आत साध्या काचेच्या नळीत निळ्या एलईडीची पट्टी. घरगुती यंत्रांत सहसा पाऱ्याच्या वाफेचा दिवा असतो, 254 नॅनोमीटरचे किरण देणारा. त्याभोवती क्वार्ट्झची नळी लागते, कारण साधी काच ते किरण अडवते. ते डोळ्यांना दिसत नाहीत. निळा उजेड पाहून मी आठ महिने निर्धास्त होते, याचंच जास्त वाईट वाटतं.

घ्यायचंच असेल तर दुकानातून, पक्क्या बिलावर घ्या. दिवा कोणत्या तरंगलांबीचा आणि किती तासांचा, हे लेखी मागा. खरा दिवासुद्धा साधारण 8,000-9,000 तासांनी, पेटत असला तरी, बदलावा लागतो. चालू दिवा उघडून मात्र पाहू नका, डोळ्यांना इजा होते.

कार्डावरचा नंबर बंद आहे. ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, तक्रार नोंदवली, पण पावती नसल्यानं दाखवायला माझ्याकडे काहीच नाही. सध्या पाणी उकळून पितोय. परवा शेजारच्या सोसायटीत तसेच दोन ग्लास मांडले गेल्याचं कळलं, म्हणून आज लिहायला बसले.