आशाताईंची घरभेट, इंदूर: घरात तान्हं बाळ असेल तर अजिबात चुकवू नका

सेवा फुकट आहे म्हणून कमी समजू नका, माझ्याकडून पाचपैकी साडेचार स्टार. परदेशीपुऱ्याकडे आमच्या वस्तीत बाळ जन्मलं की आशाताई (वस्तीतल्या सरकारी आरोग्य कार्यकर्त्या) घरी येतात, डिलिव्हरी हॉस्पिटलात झाली असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी, घरी झाली असेल तर पहिल्या दिवशीपण.

वहिनीचं बाळ सातव्या दिवशी नुसतं झोपून होतं, दूध ओढत नव्हतं, आणि घरात सगळे म्हणत होते किती शांत बाळ आहे. आदल्या दिवशी एका क्लिनिकमधून गॅसचे ड्रॉप्स देऊन परत पाठवलं होतं. ताईंनी आल्या आल्या कपडे बाजूला करून छाती बघितली, घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजले (साठ किंवा जास्त आले तर धोका), तळव्याला टिचकी मारली तरी बाळ जेमतेम हललं, काखेत थर्मामीटर लावला तर ९५.९ फॅरनहाइटच्या खाली. आम्ही तापाची वाट बघत होतो आणि बाळ गार पडत होतं! नवजात बाळाच्या रक्तात इन्फेक्शन झालं की ताप येईलच असं नाही हो, अंग थंड पडणं पण तेवढंच वाईट, हे प्रत्येक आजीला सांगा. ९९.५ किंवा वर गेलं तरी तसंच.

ताई म्हणाल्या आत्ताच निघा, बाळाला आईच्या छातीशी उघड्या अंगाला लावून न्या. हॉस्पिटलात आधी ब्लड कल्चर (रक्तात जंतू आहेत का बघायची तपासणी) घेतलं आणि रिपोर्टची वाट न बघता लगेच ॲंटिबायोटिक सुरू केलं कारण कल्चरला एक-दोन दिवस लागतात. पहिला सीआरपी (इन्फेक्शन असलं की वाढणारी रक्ताची तपासणी) नॉर्मल आला होता, तो सुरुवातीला नॉर्मल येऊ शकतो म्हणून दुसऱ्या दिवशी परत केला तेव्हा वाढलेला. बाळ आता घरी आहे, छान दूध पितंय.

घरी जाऊन बाळ तपासायची ही पद्धत गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या बायकांना शिकवून दाखवली, १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात छापून आलं, २०११ पासून सरकारी योजनेत आहे. आपल्या मराठी मातीतलं काम इथे कामी आलं, खूप बरं वाटलं.

अर्धा स्टार कापला तो मधल्या दिवसांसाठी, सात ते चौदा कोणी येत नाही आणि इन्फेक्शन काही तारीख बघून होत नाही. म्हणून ताईंकडून श्वास मोजायला शिकून घ्या, डिजिटल थर्मामीटर घरात ठेवा, आणि तुमच्याकडे ताई येत नसतील तर अंगणवाडीत किंवा जवळच्या संजीवनी क्लिनिकमध्ये (सरकारी दवाखान्यात) जाऊन विचारा.