महागडा सबवूफर घ्यावा का? माझा अनुभव

गाडीत आधी साधा १२ इंची सब (सबवूफर, म्हणजे खालचा बास वाजवणारा मोठा स्पीकर) होता, आता जेएल ऑडिओ या महागड्या ब्रँडचा बसवलाय, आणि फरक आहे, नक्की आहे, पण किंमतीच्या पटीत नाही. गोव्याची घुमट आरती (घुमट म्हणजे मातीचं तालवाद्य) लावली की कळतं, साध्या सबवर सगळं एकत्र घुमायचं, आता घुमटाची थाप वेगळी न् शामेळ (तिच्यातलं दुसरं तालवाद्य) वेगळं ऐकू येतं, आवाज वाढवला तरी फाटत नाही. हे मला फार आवडलं! पण हायवेवर टायरचा आवाजच एवढा असतो की खालचा बास अर्धा त्यातच जातो, म्हणून दारांना डॅम्पिंग शीट (बाहेरचा आवाज न् कंप दाबणारी) आधी लावा. आणि पॅकिंगवरचे १००० वॉट बघून घेऊ नका, ते बहुतेक वेळा पीक, म्हणजे क्षणभरच झेपणारे असतात, आरएमएस, म्हणजे सतत झेपणारे वॉट विचारा, सबला पॉवर देणारा अ‍ॅम्प त्याला जुळणारा घ्या. सब ज्यात बसवतात तो बॉक्स तर सबइतकाच महत्त्वाचा, सील्डमध्ये (पूर्ण बंद) बास घट्ट, पोर्टेडमध्ये (हवेसाठी भोक असलेला) जोरात पण डिकीची जागा जास्त खातो. आपल्या गोव्याच्या पावसात बॉक्सचं एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा बोर्ड) ओल धरून फुगतं, आतून-बाहेरून सीलर मारून घ्याच. बजेट कमी असेल तर मधल्या रेंजचा सब आणि चांगला बॉक्स, मी हेच सांगेन.