लांब पल्ल्याची घोडेस्वारी: एफईआय, अमेरिका की ऑस्ट्रेलिया?

एका दिवसात १६० किलोमीटर, वाटेत पशुवैद्यांच्या तपासण्या, आणि घोडा लंगडला किंवा त्याची नाडी उतरली नाही की बाद. एवढं सगळीकडे सारखंच. त्यामुळे पहिला मोसम कुठल्या नियमांखाली काढावा असं कुणी विचारलं की बरेच जण ‘काय फरक पडतो?’ म्हणतात. मला तो फरक बराच मोठा वाटतो.

जागतिक स्पर्धेचं स्वप्न असेल तर एफईआय या घोडेस्वारीच्या आंतरराष्ट्रीय महासंघाला पर्याय नाही. आधी कमी अंतराच्या पात्रता फेऱ्या, त्यांत ताशी १६ किलोमीटरची वेगमर्यादा, मग एक, दोन, तीन तारे अशा वाढत्या दर्जाच्या स्पर्धांची एकेक पायरी. ही शिस्त मला पटते. घोड्यांच्या हालांवरून २०१५ मध्ये महासंघाने संयुक्त अरब अमिरातीच्या संघटनेला निलंबित केलं आणि २०२० मध्ये नियमही बदलले. ते व्हायलाच हवं होतं.

अमेरिकेत १९७२ पासून एईआरसी ही संघटना लांब पल्ल्याच्या स्वारीचं काम बघते. तिथे पायऱ्या नाहीत. घोडा तयार आहे असं वाटलं तर थेट ५० मैलांना उतरा. वेळेत पूर्ण करणारा जिंकला, ही तिथली भावना. १९५५ पासून चालत आलेल्या टेव्हिस कपमध्ये सिएरा नेवाडाचे डोंगर ओलांडून २४ तासांत १०० मैल पार करणाऱ्या प्रत्येकाला चांदीचं बक्कल मिळतं, आणि पहिल्या दहांतल्या सर्वांत सुस्थितीतल्या घोड्याला वेगळा चषक. मदतनिसांशिवाय एकट्याने स्वारी करणारेही तिथे पुष्कळ दिसतात. घोडा ओळखता येत असेल तर याहून मोकळी जागा नाही, पण ते ओळखणं सर्वस्वी स्वारावर सोडलेलं आहे.

माझा निर्णय मात्र तपासणीच्या फाटकापाशी झाला. एफईआय आणि अमेरिका, दोन्हीकडे मधल्या टप्प्यांत नाडी ठरलेल्या आकड्याखाली येईपर्यंत घड्याळ चालूच राहतं, सक्तीची विश्रांती त्यानंतर सुरू होते; या पद्धतीलाच मी ‘फाटक’ म्हणतोय. एफईआयचा आकडा मिनिटाला ६४ ठोके आणि मुदत १५ मिनिटं. हेतू चांगला आहे: लवकर सावरणारा घोडा लवकर पुढे निघावा. पण प्रत्यक्षात काय होतं? घोडा थांबतो न थांबतो तोच खोगीर उतरतं, चारही बाजूंनी बाटल्यांनी पाणी ओतलं जातं, सतत कुणीतरी छातीला यंत्र लावून आकडा ओरडतं. घोडीने बादलीत तोंड घातलं आणि तेवढ्यात ‘६२!’ असा आवाज आला, म्हणून तिला तशीच ओढून नेताना मी पाहिलंय. हे मला फार खटकतं. तिला तहान होती, आणि आपण मिनिटं वाचवत होतो.

ऑस्ट्रेलियात रेषा ओलांडली की त्या टप्प्याची वेळ थांबते. मग तपासणीला हजर व्हायला अर्धा तास सगळ्यांनाच. लवकर जाऊन काही मिळत नाही, म्हणून कुणी घाई करत नाही. घोडं पितं, खातं, उभ्या उभ्या डुलकीही काढतं. १९६६ पासून होणाऱ्या टॉम क्विल्टीसारख्या १६० किलोमीटरच्या स्पर्धेतही वातावरण असंच. नवख्यांसाठी सराव फेऱ्या आणि त्यांत वेगावर लगाम आहेच. माझ्याकडे मोजमाप नाही, पण या पद्धतीत माझी घोडी पुढच्या टप्प्याला अधिक खुशीने निघायची असं माझं मत आहे.

फाटकाच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दा मी नाकारत नाही. विलक्षण लवकर सावरणाऱ्या घोड्याचा फायदा ऑस्ट्रेलियात काहीसा वाया जातो. पुढे एफईआयकडे जायचं असेल तर ती लगबग कधीतरी शिकावी लागेलच. ब्रिटनच्या श्रेणीवार फेऱ्यांत वेग आणि शेवटची नाडी मिळून श्रेणी ठरते. तोही समजूतदार मार्ग आहे, फक्त त्यात शर्यतीची चुरस कमी.

हाताशी चार मदतनीस आणि डोक्यात जागतिक स्पर्धा असेल तर एफईआय. एकटे असाल आणि घोडं जुनंजाणतं असेल तर अमेरिका. घोडं तरुण असेल, गर्दीत बावरत असेल, तर मी तरी त्याला आधी ऑस्ट्रेलियाच्या अर्ध्या तासाची सवय लावेन आणि फाटकाची ओळख दोन-तीन मोसमांनंतर करून देईन.