पंधरा दिवसांत दहा किलो: पैसे चरबीचे, माल पाण्याचा

"पंधरा दिवसांत दहा किलो उतरवा" अशी जाहिरात करून पावडर, गोळ्या आणि कोर्स विकणाऱ्यांचा पहिला डाव वजनकाट्यावरच खेळला जातो. नाव नोंदवायला बोलावतात ते शक्यतो संध्याकाळी. दोन वेळचं जेवण आणि दिवसभराचं पाणी पोटात असतं, अंगावर बाहेर जायचे कपडे, खिशात मोबाइल आणि किल्ल्या. "राहू द्या हो, तेवढ्याने काय होतंय," म्हणत तसंच काट्यावर उभं करतात आणि फॉर्मवर आकडा लिहितात: ८४.६. आठ दिवसांनी पुन्हा बोलावतात ते मात्र सकाळी, उपाशीपोटी, हलक्या कपड्यांत. पावडरचा एक चमचाही घेतला नसता तरी या दोन आकड्यांत दीड-दोन किलोंचा फरक सहज पडला असता.

विश्वास बसत नसेल तर घरच्या काट्यावर उभं राहा, आकडा बघा, अर्धा लिटर पाणी प्या आणि पुन्हा उभं राहा. अर्धा किलो वाढलेलं दिसेल. पाण्यात कॅलरी शून्य, तरी काट्याने आकडा वाढवला. कारण काटा चरबी मोजतच नाही. तो चरबी, पाणी, स्नायू, हाडं, आतड्यातला मळ आणि खिशातल्या किल्ल्या, सगळ्यांची एकच बेरीज सांगतो. वजन उतरवण्याच्या धंद्यातली बहुतेक फसवणूक या एका बेरजेवर उभी आहे.

दुसरा डाव पहिल्या आठवड्याच्या आहाराचा. कागदावर पिष्ट पदार्थ बंद, साखर बंद, मीठ जवळजवळ बंद आणि दोन वेळच्या जेवणाऐवजी शेक. इथे शरीरात जे घडतं ते खरं असतं, फक्त त्याचा अर्थ खोटा सांगितला जातो. यकृतात साधारण १०० ग्रॅम आणि स्नायूंत ४०० ग्रॅमच्या आसपास ग्लायकोजेन साठवलेलं असतं. हा पिष्टाचा राखीव साठा. प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेन स्वतःबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी धरून ठेवतं. पिष्ट बंद झालं की दोन-तीन दिवसांत हा साठा बराचसा संपतो आणि त्याने धरलेलं पाणी सुटतं. इन्सुलिन खाली आलं की मूत्रपिंडं मीठ जास्त बाहेर टाकतात, आणि मिठामागे आणखी पाणी जातं. खाणं कमी म्हणून आतडीही हलकी होतात. हे सगळं मिळून पाच-सात दिवसांत दोन-तीन किलो, वजनदार माणसाचे कधी चार किलोही उतरतात. त्यात चरबी किती? रोज १,००० कॅलरींची तूट धरली तरी आठवड्याला एक किलोच्याही आतच.

पुन्हा नेहमीचं जेवण सुरू झालं की ग्लायकोजेन भरतं, पाणी परत येतं आणि दोन-तीन दिवसांत काटा दोन किलो वर. "बघा, पावडर सोडली की वजन वाढतं," हे वाक्य तेव्हासाठीच राखून ठेवलेलं असतं.

आता जाहिरातीतला आकडा धरून साधा हिशेब मांडू. शरीरातल्या एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात. १५ दिवसांत १० किलो चरबी घालवायची म्हणजे ७७,००० कॅलरींची तूट हवी, म्हणजे दिवसाला ५,१०० च्या वर. बैठं काम करणाऱ्या ८४ किलोंच्या माणसाचा दिवसाचा सगळा खर्चच २,००० ते २,४०० च्या घरात असतो. त्याने १५ दिवस तोंडात काही म्हणजे काही घातलं नाही, तरी जास्तीत जास्त पावणेपाच किलो चरबी जळेल. एवढं गणित दुकानात उभ्या उभ्या करता येतं आणि करावंच.

तरीही काही जणांच्या काट्यावर आठ-दहा किलो खरोखर उतरलेले दिसतात. त्यातले बरेचसे पाण्याचे आणि स्नायूंचे. स्नायूचा तीन-चतुर्थांश भाग पाणीच असतं, त्यामुळे त्यात ऊर्जा कमी आणि वजन जास्त. हजार कॅलरींची तूट चरबीतून भरली तर १३० ग्रॅम उतरतील. तीच स्नायू मोडून भरली तर किलोच्या आसपास. पुरेसं प्रथिन न देता उपासमार केली की काटा भराभर पळतो तो यामुळे. विकणाऱ्याला हे सोयीचंच आहे. ग्राहकाचा मात्र दिवसाचा ऊर्जेचा खर्च कमी होऊन बसतो आणि जिना चढताना मांड्या थरथरायला लागतात.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पाणी सुटायचं थांबतं आणि काटा अडकतो. ही वेळ ठरलेली असल्यामुळे तिच्यावर बसवलेली विक्रीही ठरलेली असते. आधी खापर तुमच्यावर फुटतं: तुम्ही काहीतरी चोरून खाल्लं असणार, पाणी कमी प्यालात, झोप पुरी झाली नाही. मग "मेटाबॉलिझम अडकलाय", "टॉक्सिन साचलेत" असं निदान होतं आणि पुढचा डबा, गोळ्या किंवा "डिटॉक्स" पॅकेज पुढे येतं. टॉक्सिन म्हणजे नेमकं कोणतं द्रव्य, ते रक्ताच्या कोणत्या तपासणीत दिसतं, हे विचारून पाहा. आजवर त्याचं उत्तर देणारा विक्रेता आमच्या पाहण्यात नाही.

काट्याची उणीव भरून काढायला इतर आकडेही असतात. पायाखालून हलका विद्युतप्रवाह सोडून चरबीची टक्केवारी सांगणारं यंत्र घ्या. ते चरबी मोजत नाही. प्रवाहाला होणारा अडथळा मोजून वय, उंची, वजन घातलेल्या सूत्रातून अंदाज काढतं, आणि तो अडथळा अंगातल्या पाण्यावर हलतो. त्यामुळे एकाच माणसाचा सकाळचा आणि संध्याकाळचा आकडा वेगळा येतो. "तुमचं शरीर ५२ वर्षांचं आहे" हे वाक्यही त्याच सूत्राचं, घाबरवायला बरं पडतं. टेपचं तर विचारूच नका: पहिल्या दिवशी पोट सैल सोडून नाभीवर, नंतर श्वास आत ओढून दोन बोटं वर. खरी जागा म्हणजे शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांचा मध्य, आणि तेही साधा श्वास सोडल्यावर. पट्ट्या गुंडाळून घाम काढणाऱ्यांचे "दोन तासांत दोन इंच" म्हणजे दाबलेली कातडी आणि गेलेलं पाणी.

इथवर फक्त पैसे जातात. गोळ्यांपाशी प्रकरण जिवावर येतं.

"पूर्णपणे वनौषधी" असं छापलेल्या वजनाच्या गोळ्यांत न छापलेली औषधं सापडल्याचं अनेक देशांच्या औषध नियंत्रकांनी पुन्हा पुन्हा जाहीर केलं आहे. सगळ्यात जास्त आढळतं ते सिब्युट्रामिन. ते भूक मारतं, पण रक्तदाब आणि नाडी वाढवतं. हृदयविकाराच्या रुग्णांत हृदयाचे झटके आणि पक्षाघात वाढलेले दिसल्यावर २०१० मध्ये ते अमेरिका आणि युरोपच्या बाजारातून काढलं गेलं. गोळी सुरू केल्यावर तोंडाला कोरड पडणं, झोप उडणं, छातीत धडधड आणि भूक अचानक गायब होणं हे सगळं एकत्र दिसलं, तर डब्यावर काहीही लिहिलेलं असो, संशय घ्यावा. दोन-तीन तासांत सात-आठ वेळा लघवीला जावं लागत असेल आणि रात्री पोटऱ्यांत गोळे येत असतील, तर आत लघवी वाढवणारं औषध असू शकतं. त्याने जातं ते पाणी आणि पोटॅशियम. पोटॅशियम फार खाली गेलं की हृदयाचा ठोका बिघडतो. जुलाबाच्या औषधाचा प्रकार तर अगदीच पोकळ. अन्नातल्या बहुतेक कॅलरी लहान आतड्यात शोषल्या जातात आणि ही औषधं मुख्यतः मोठ्या आतड्यावर काम करतात. म्हणजे कॅलरी आधीच आत गेलेल्या, बाहेर पडतं ते पाणी आणि मळ. थायरॉइडचं संप्रेरकही काही गोळ्यांत सापडलं आहे. त्याने हात थरथरतात, घाम सुटतो, स्नायू झिजतात.

डायनायट्रोफिनॉल नावाची पिवळी पावडर वेगळी सांगायला हवी. १९३० च्या दशकात ती वजनासाठी विकली गेली आणि मृत्यू व मोतीबिंदूंमुळे १९३८ मध्ये अमेरिकेत माणसांसाठी अयोग्य ठरवली गेली. तरी ती अजून आडमार्गाने विकली जाते. ती पेशींना ऊर्जा साठवू न देता तिची नुसती उष्णता करते. मात्रा थोडी चुकली की ताप चढत जातो, आणि त्यावर उतारा नाही.

औषध न मिसळताही घाई महाग पडते. आठवड्याला दीड किलोपेक्षा जास्त वेगाने वजन उतरत राहिलं की पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. चरबी वेगाने मोडली की पित्तात कोलेस्टेरॉल जास्त येतं, आणि स्निग्ध खाणं नसल्यामुळे पित्ताशय आकुंचन पावत नाही, पित्त आत साचून घट्ट होतं. उजव्या बरगडीखाली जेवणानंतर उठणारी कळ ही त्याची खूण. युरिक ॲसिड वाढून संधिवाताचा ठणका उठतो. केस दोन-तीन महिन्यांनी गळतात, आणि तोवर कोर्स संपलेला असल्यामुळे दोष शाम्पूवर जातो. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत जिलेटिनसारख्या निकस प्रथिनांच्या द्रवावर महिनोन्‌महिने राहिलेल्या डझनावारी लोकांचा मृत्यू झाला. त्यांतले बरेच जण तरुण होते आणि मृत्यूचं कारण हृदयाच्या ठोक्यांचा बिघाड.

मधुमेहाच्या औषधांवर असणाऱ्याने तर असा कोर्स डॉक्टरांना न विचारता सुरूच करू नये. खाणं निम्म्यावर आणि इन्सुलिन तेवढंच, म्हणजे साखर धोकादायक खाली येणार. रक्तदाबाच्या गोळ्यांचंही तसंच. पाणी आणि मीठ गेल्यावर तीच मात्रा जास्त होते आणि माणूस उठताना कोसळतो. फॉर्मवर "चालू औषधे" असा रकानाच नसेल तर तिथूनच परत फिरा.

मग सुरक्षित वेग किती? पहिले दोन आठवडे पाण्यामुळे बाजूला ठेवले, तर आठवड्याला अर्धा ते एक किलो. हलक्या माणसाने अर्ध्याच्या जवळ राहावं, फार वजनदार असेल तर सुरुवातीला एकच्या जवळ चालतं. अर्ध्या किलोच्या आसपास उतरायला दिवसाला ५०० ते ७५० कॅलरींची तूट पुरते. वजन कमी होत गेलं की खर्चही कमी होतो, म्हणून हा वेग महिन्यामहिन्याने मंदावणारच, त्यात कुणाची चूक नाही. सहा महिन्यांत ५ ते १० टक्के उतरलं तर ते चांगलं काम. ८४ किलोंच्या माणसाला म्हणजे ४ ते ८ किलो. प्रथिन दर किलो वजनामागे १.२ ग्रॅमच्या आसपास (मूत्रपिंडाचा विकार असेल तर डॉक्टरांना विचारून) आणि आठवड्यातून दोनदा वजनं उचलण्याचा व्यायाम, म्हणजे जे जाईल ते स्नायूंतून कमी जाईल.

वेगाने उतरवणं नेहमीच चुकीचं, असं मात्र आम्ही म्हणणार नाही. ८०० कॅलरींच्या आसपासचा आहार डॉक्टरही देतात, पण निवडक रुग्णांना, ठरावीक आठवड्यांपुरता, जीवनसत्त्वं-क्षारांसकट पूर्ण पोषण देऊन, औषधांच्या मात्रा आधी बदलून आणि अधूनमधून रक्त तपासून. फसवणारे या आहाराचा नुसता आकडा उचलतात, देखरेख मागेच राहते. आणि सेमाग्लुटाइडसारखं वजन उतरवणारं प्रभावी इंजेक्शन घेतलेल्यांचंही गाजलेल्या चाचणीत सरासरी १५ टक्के वजन उतरायला ६८ आठवडे लागले होते. डब्यातली पावडर तेच काम दोन आठवड्यांत करणार असेल, तर ती डब्यात कशाला राहिली असती?

पैसे देण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी मागा: प्रत्येक घटकाचं मिलिग्रॅममध्ये प्रमाण, कोर्स सुरू केलेल्या सगळ्यांपैकी किती जणांनी पूर्ण केला, आणि वर्षानंतर त्यांचं वजन किती होतं. फोटो चालणार नाहीत. "पैसे परत" ची अट शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. तिथे बहुधा रोजची नोंद, रोजचा फोटो, एकही खाडा नको, असं काहीतरी असतं. एक दिवस चुकला की हमी रद्द, आणि चुकणार हे त्यांना ठाऊक असतं.

स्वतःचं वजन स्वतःच मोजा. सकाळी उठल्यावर, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी, तेच हलके कपडे, तोच काटा, कडक फरशीवर (सतरंजीवर काटा चुकतो). रोजचा आकडा लिहा, पण तुलना करा ती सात दिवसांच्या सरासरीची मागच्या सात दिवसांच्या सरासरीशी. रोज एक-दीड किलोचं वरखाली चालतंच, पाळीच्या आधी स्त्रियांचं पाणी आणखी साठतं. कुणाच्याही कोर्सवर असाल तरी पहिल्या दोन आठवड्यांचे आकडे सोडून तिसऱ्या ते सहाव्या आठवड्याची सरासरी बघा, विक्रेता नेमकी तीच दाखवायची टाळतो.

आधीच अडकला असाल तर गोळ्या बंद करा, पण डबा, वेष्टन आणि उरलेल्या गोळ्या फेकू नका. पावती, फॉर्म आणि मेसेजही जपून ठेवा. ग्राहक तक्रारीला आणि औषध नियंत्रकाला तपासणीसाठी तेच लागतं. डॉक्टरांकडे जाताना डबा बरोबर न्या आणि किती दिवस, दिवसाला किती घेतल्या ते सांगा. रक्तात पोटॅशियम, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी चाचणी), यकृताच्या आणि थायरॉइडच्या चाचण्या, शिवाय ईसीजी, हे ते बहुधा पाहतील. बरेच दिवस जवळजवळ उपाशी असाल तर एकदम भरपेट जेवायला सुरुवात करू नका. रक्तातलं फॉस्फेट (एक क्षार) झपकन खाली येऊ शकतं, खाणं डॉक्टरांच्या सल्ल्याने टप्प्याटप्प्याने वाढवा. छातीत धडधड थांबत नसेल, चक्कर येऊन पडला असाल, लघवी गडद किंवा डोळे पिवळे दिसत असतील, किंवा ताप चढतच असेल, तर सकाळची वाट न बघता थेट इमर्जन्सीत जा.