कॅलिफोर्नियाची ‘गंज नसलेली’ मस्टँग आणि जर्मनीतले तीन हिशेब

गाडी होती १९६७ची फोर्ड मस्टँग फास्टबॅक, म्हणजे छत मागे थेट उतरत जाणारी. जाहिरातीत चार दावे होते: कॅलिफोर्नियातली, गंज अजिबात नाही, मॅचिंग नंबर्स (इंजिन या गाडीचंच, मूळचं), क्लीन टायटल (मालकीचा कागद स्वच्छ). घेणारा जर्मनीत राहणारा. अमेरिकेतला विक्रेता, मधला आयात एजंट आणि जर्मनीतलं रिस्टोरेशन गॅरेज अशा तिघांनी त्याला आपापल्या परीने टोपी घातली. तिघांची आपसात ओळखही नसावी. प्रत्येकाचा भरवसा एकाच गोष्टीवर होता: गिऱ्हाईक कागद वाचेल, पत्रा वाचणार नाही. ज्यांना अशी गाडी आणायची आहे त्यांच्यासाठी हे सगळं क्रमाने मांडतो.

सुरुवात नंबरपासून. सतरा आकडी व्हीआयएन (गाडीचा ओळख नंबर) १९८१च्या मॉडेलपासून आला. त्याआधी प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी होती. १९६७च्या मस्टँगचा नंबर अकरा जागांचा असतो, उदाहरणार्थ ७आर०२सी आणि पुढे सहा आकडे. ७ म्हणजे १९६७. आर म्हणजे सॅन होझेचा कारखाना (एफ डिअरबॉर्न, टी मेटचन). ०२ म्हणजे फास्टबॅक. ०१ कूपे आणि ०३ कन्व्हर्टिबल. सी म्हणजे २८९ घनइंचाचं व्ही-एट, दोन बॅरलच्या कार्ब्युरेटरचं. चार बॅरलवाल्याला ए. या गाडीवर चार बॅरलचा कार्ब्युरेटर होता, बाजूला जीटी या स्पोर्टी पॅकेजचे बिल्ले होते, आणि किंमत त्याच हिशेबाने लावलेली होती. नंबरात मात्र सरळ सी. कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्ड बदलणं हे एका दुपारचं काम आहे. जीटी पॅकेज तर नंबरात किंवा दारावरच्या प्लेटवर कुठेच लिहिलेलं नसतं, त्यामुळे बिल्ला चिकटवला की झाली जीटी.

हे पडताळायला मार्टी रिपोर्ट आहे. फोर्डच्या १९६७पासूनच्या उत्पादन नोंदींवरून तो बनतो आणि त्या नंबरची गाडी कारखान्यातून काय काय घेऊन बाहेर पडली ते सांगतो. (१९६५-६६च्या मस्टँगसाठी तो मिळत नाही; त्या गाड्यांबाबत कुणी ‘मार्टी आहे’ म्हणालं तर तिथेच थांबा.) विक्रेत्याने पाठवलेल्या पीडीएफवर विसंबू नका, ती दुसऱ्याच गाडीची असू शकते. नंबर स्वतः टाकून रिपोर्ट स्वतःच्या नावाने मागवा. आणि सतरा आकडी नंबरांसाठी बनलेल्या वेबसाइटवरचा ‘क्लीन हिस्टरी रिपोर्ट’ अकरा जागांच्या नंबराला कुणी जोडून दाखवत असेल, तर तो कागद रद्दीतला.

नंबर कुठे वाचायचा, हेही नीट समजून घ्या. दाराच्या कडेला रिव्हेट मारलेली प्लेट पुरावा नव्हे. तशी प्लेट हवा तो मजकूर ठोकून, नवीकोरी, विकत मिळते. खरा नंबर ड्रायव्हरच्या बाजूला, बोनेट उघडल्यावर दिसणाऱ्या आतल्या एप्रनच्या (चाकावरच्या आतल्या पत्र्याच्या) वरच्या काठावर ठोकलेला असतो. फेंडरच्या कडेला तिथे खाच ठेवलेली असते. १९६७मध्ये काचेखालचा डॅशवरचा नंबर नव्हता, तो १९६८पासून आला. त्या ठशाचा फोटो मागवताना आजूबाजूचा वीतभर पत्राही दिसू द्या. ठशाच्या चारी बाजूंनी घासल्याची खूण, वेल्डची रेघ किंवा एवढ्याच तुकड्यावर ताजा रंग दिसला, तर तो तुकडा दुसऱ्या गाडीतून कापून आणलेला असू शकतो. जर्मनीत संपूर्ण तपासणी करणारा तज्ज्ञ सगळ्यात आधी हेच बघतो. शंका आली तर अहवाल बाजूलाच राहतो, प्रकरण पोलिसांकडेही जाऊ शकतं.

आता मॅचिंग नंबर्स. १९६७च्या साध्या सी किंवा ए कोडच्या इंजिनावर गाडीचा नंबर ठोकतच नसत. फक्त के कोडच्या हाय परफॉर्मन्स इंजिनावर ठोकत. मग मॅच काय करणार? फार तर तारखांचा मेळ बघता येतो. ब्लॉकवर, पॅसेंजरच्या बाजूला स्टार्टरजवळ, कास्टिंग नंबर असतो आणि ओतकामाचा तारखेचा कोड असतो. ७ए१५ म्हणजे १९६७, जानेवारी, १५ तारीख. महिन्यांची अक्षरं ए ते एम, त्यातलं आय गाळलेलं. गाडी तयार झाल्याच्या तारखेच्या आधीच्या काही आठवड्यांतला किंवा दोनतीन महिन्यांतला कोड असेल तर मेळ बसला म्हणायचं. या गाडीच्या ब्लॉकवर कास्टिंग नंबरची सुरुवातच सी८ अशी होती. सी म्हणजे साठचं दशक, ८ म्हणजे १९६८. पुढच्या वर्षाचा ब्लॉक आदल्या वर्षीच्या गाडीत कारखान्यातून येत नाही. तो २८९चा नव्हे, ३०२ घनइंची इंजिनाचा निघाला. बाहेरून दोन्ही इंजिनं जुळ्या भावांसारखी. फरक स्ट्रोकमध्ये, म्हणजे पिस्टन वरखाली जातो त्या अंतरात, २.८७ इंच आणि ३ इंच. फोर्डच्या निळ्या रंगाचा ताजा हात मारला की कोण ओळखणार!

क्लीन टायटलबद्दल थोडक्यात, पण हे वगळू नका. टायटलवर ज्याचं नाव आहे तोच विकतोय का, कर्ज देणाऱ्याची नोंद असेल तर ती फिटल्याचा कागद आहे का, आणि कुठे सॅल्व्हेज (निकामी ठरवलेली), पार्ट्स ओन्ली (फक्त सुट्या भागांसाठी) असला शिक्का आहे का, हे पैसे देण्याआधी बघायचं. अमेरिकेतून जहाजाने गाडी बाहेर जाताना गाडी आणि मूळ टायटल (किंवा प्रमाणित प्रत) निर्यातीच्या किमान ७२ तास आधी तिथल्या कस्टम्सपुढे ठेवावं लागतं. तेच मूळ टायटल पुढे जर्मन नोंदणीला लागतं. ‘टायटल मागाहून कुरिअरने पाठवतो’ म्हणणाऱ्याला पैसेही मागाहूनच. तिसऱ्याच नावाच्या खात्यावर वायर ट्रान्सफर मागणारे आणि एस्क्रोची (व्यवहार होईपर्यंत पैसे तिऱ्हाइताकडे ठेवण्याची) बनावट साइट दाखवणारे यांच्याबद्दल वेगळं काय लिहायचं.

गाडी जर्मनीच्या ब्रेमरहाफेन बंदरात उतरली आणि एजंटाचं बिल आलं. तीस वर्षांहून जुनी, मूळ स्थितीतली, उत्पादन बंद झालेली गाडी युरोपीय संघात जकात यादीतल्या ९७०५ या शीर्षाखाली संग्राह्य वस्तू म्हणून येऊ शकते. त्यावर जकात शून्य आणि जर्मनीत आयात व्हॅट ७ टक्के. एजंटाने साधी मोटार समजून बिल लावलं: १० टक्के जकात आणि वर १९ टक्के व्हॅट. ३०,००० युरो मूल्यावर जकात ३,०००, मग ३३,०००वर व्हॅट ६,२७०, एकूण ९,२७० युरो. ९७०५खाली तेच २,१०० होतात. कस्टम्सकडे भरले २,१००, गिऱ्हाइकाकडून घेतले ९,२७०. मधले ७,१७० युरो एजंटाच्या खिशात. यावर उपाय एकच, एजंटाचं बिल नव्हे तर कस्टम्सने काढलेला कर आकारणीचा मूळ आदेश मागायचा. तो आयातदाराच्या नावाने असतो, त्यामुळे ‘आमच्याकडे नाही’ हे उत्तर चालत नाही.

याचा उलटा प्रकारही चालतो. ‘किंमत अर्धी दाखवू, कर वाचेल’ असं एजंट लाडात येऊन सुचवतो. बँकेतून गेलेली रक्कम आणि इन्व्हॉइस जुळलं नाही की नोटीस त्याला येत नाही, तुम्हाला येते. आणि इंजिन, ब्रेक, सस्पेन्शन सगळं आधुनिक केलेली रेस्टोमॉड गाडी ९७०५मध्ये बसवून देतो म्हणणाराही तुमच्याच गळ्यात धोंडा बांधतोय. चासी, बॉडी, स्टिअरिंग, ब्रेक, गिअरबॉक्स, सस्पेन्शन आणि इंजिन यांत मोठे फेरफार नसणं हीच तिथली अट आहे.

सगळ्यात जास्त पैसे मात्र पत्र्यात गेले. या मस्टँगला वेगळी चासी नाही. तळ, लांब रेल आणि टॉर्क बॉक्स (रेलना बाजूंशी जोडणारे पत्र्याचे खोके) मिळूनच सांगाडा होतो. म्हणून तळाचा गंज हा दिसण्याचा प्रश्न नाही, ताकदीचा आहे. आणि या गाडीचं जुनं दुखणं विंडशील्डच्या खाली, जाळीच्या आत आहे. तिथे हवेसाठी दोन गोल तोंडं आहेत, त्यांच्याभोवतीचा पत्रा सडतो आणि पावसाचं पाणी थेट पायाशी उतरतं. तपासणी सोपी आहे. कार्पेट उचला, तांब्याभर पाणी जाळीच्या डाव्या टोकाला ओता, टॉर्च घेऊन डॅशखाली बघा. मग उजव्या टोकाला तेच. आत एक थेंबही यायला नको. इथे शब्दशः पाणी मुरत होतं. विक्रेत्याने वरून प्लॅस्टिकच्या टोप्या सीलंटने चिकटवल्या होत्या. कॅलिफोर्निया असो नाहीतर ॲरिझोना, पानं साचून ओल धरलेला हा कोपरा कोरड्या राज्यातही सडतो.

गॅरेजने दुरुस्तीचं बिल लावलं ते ‘काउल आणि दोन्ही फ्लोअर पॅन बदलले’ म्हणून. काउल म्हणजे विंडशील्डखालचा तो सडका भाग, फ्लोअर पॅन म्हणजे तळाचा पत्रा. काउल खरंच करायचं तर फेंडर उतरवावे लागतात, वरच्या पॅनेलचे स्पॉट वेल्ड एकेक करून ड्रिल करावे लागतात, खालचं पॅनेल बदलून सगळं पुन्हा वेल्ड करावं लागतं. इथे फेंडरच्या बोल्टवरचा जुना रंगसुद्धा फुटलेला नव्हता. पान्याचा दात न लागता फेंडर उतरला कसा, याचं उत्तर गॅरेजकडे नव्हतं. तळाला नवा पॅन जुन्या सडक्या पत्र्यावरच ठेवून, कडेला ठिकठिकाणी टाके मारून, वर सीम सीलर आणि खालून काळं अंडरकोटिंग फवारलं होतं. दोन पत्र्यांच्या मधे ओल अडकली की नवा पत्राही आतून खायला सुरुवात होते. ओळखायचं कसं? गाडी लिफ्टवर घ्या, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने तळ ठोका. एकेरी पत्रा वाजतो, दुहेरी बद्द आवाज देतो. ड्रेनच्या भोकाच्या कडेला पत्र्याचे थर मोजता येतात. नव्या पत्र्याचं काम असेल तर अंडरकोटिंगच्या आधीचे फोटो दाखवा म्हणा. ते नसतील तर कामही नसावं असंच धरून चला.

रंगासाठी जाडी मोजायचं यंत्र वापरा. कारखान्याचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन, एकदा पुन्हा रंगवलेला २०० ते ३००. ५००च्या वर गेलं की खाली पुट्टी आहे, आणि २,०००च्या आसपास आकडे यायला लागले की पत्र्याची गाडी घेतली की पुट्टीची, असा प्रश्न पडतो. मागच्या चाकांच्या वरची कमान, दारांचे खालचे काठ आणि डिकीच्या बाजूचे खोलगट भाग इथे दर हातभर अंतरावर आकडा लिहून ठेवा. दारं उघडून गाडी जॅकवर घ्या. दाराची फट बदलली किंवा दार अडकलं तर सांगाडा वाकतोय.

नोंदणीचं ‘ऑल इन्क्लुसिव्ह पॅकेज’ हा शेवटचा हिशेब. अशा गाडीला जर्मन वाहन नियमावलीच्या (StVZO) कलम २१खालचा संपूर्ण तपासणी अहवाल लागतो आणि एच पाटीसाठी, म्हणजे ऐतिहासिक गाडीच्या नंबर प्लेटसाठी, कलम २३खालचा ओल्डटायमर अहवाल. एच पाटीवर वार्षिक कर सरसकट १९१.७३ युरो. ती नसेल तर अशा जुन्या इंजिनाला दर १०० सीसीला (अपुरे शंभरही पूर्ण धरून) २५.३६ युरो, म्हणजे मूळ २८९च्या ४,७३६ सीसीला ४८ गुणिले २५.३६, सुमारे १,२१७ युरो. गॅरेजने ‘एचची हमी’ दिली आणि गाडीवर अठरा इंची आधुनिक अलॉय व्हील चढवली, त्यावर एच मिळत नाही. तपासणीसाठी म्हणून मागचे इंडिकेटर पिवळे करायचे आणि धूर चाचणीसाठी ट्यूनिंगचे पैसेही घेतले. १ जानेवारी १९७०च्या आधी पहिली नोंदणी झालेल्या गाडीला मागे लाल इंडिकेटर चालतात, आणि १ जुलै १९६९च्या आधीच्या पेट्रोल गाडीला धूर चाचणीच नाही. हेडलाइट मात्र खरंच बदलावे लागतात. अमेरिकन सील्ड बीम दिव्यांवर ई खूण (युरोपीय मंजुरीची खूण) नसते.

या सगळ्यात एक तारीख घोळ घालते. अमेरिकन टायटलवर ते टायटल कधी दिलं गेलं ती तारीख असते. या गाडीच्या टायटलवर १९९८ होतं. तीच तारीख कुणी पहिली नोंदणी म्हणून अर्जात उतरवली तर १९६७ची गाडी कागदावर १९९८ची होते. एच पाटी जाते, धूर चाचणी लागू होते, लाल इंडिकेटर बेकायदा ठरतात. मार्टी रिपोर्टमधली उत्पादनाची तारीख तपासनिसाला आधीच दाखवा आणि अहवालातला तो रकाना सही होण्यापूर्वी वाचा.

गॅरेजशी भांडण झालं तर गाडी उचलून आणता येत नाही, हेही आधी माहीत असू द्या. जर्मन कायद्यात काम केलेल्या गाडीवर बिलाचे पैसे मिळेपर्यंत गॅरेजचा ताबा ठेवण्याचा हक्क असतो. म्हणून आगाऊ मोठी रक्कम देऊ नका. उघडी गाडी, वेल्डिंग झालेली गाडी, प्रायमर लागलेली गाडी असे टप्पे करारात लिहून घ्या आणि प्रत्येक टप्पा बघितल्यावरच पुढचा हप्ता द्या. अंदाजपत्रकापेक्षा खर्च बराच वाढणार असेल तर तसं ताबडतोब कळवणं गॅरेजवर बंधनकारक आहे. ते लेखी मागा. काम स्वीकारल्याची सही करण्याआधी बाहेरचा स्वतंत्र तज्ज्ञ गाडीखाली उभा करा. आणि कापून काढलेला जुना पत्रा, जुने पिस्टन, जुने बेअरिंग सगळं खोक्यात भरून ताब्यात मागायचं, असं करारातच लिहा. फ्लोअर पॅन बदलला म्हणतात तर जुना पॅन द्यायला त्यांच्याकडे असलाच पाहिजे.