मेण, अंडरग्लेझ आणि कोरणी : वर्षभराच्या वापरानंतर

मातीच्या भांड्यावर बारीक रेषा कोरून तिच्यात रंग भरायचा असेल, तर पाण्यात मिसळणारे मेण, अंडरग्लेझ (ग्लेझच्या, म्हणजे काचेसारख्या झिलईच्या, खाली लावायचा रंग) आणि कोरणी एवढे साहित्य पुरेसे होते. गेल्या पावसाळ्यापासून या पावसाळ्यापर्यंत मी पुण्यात घरच्या चाकावर केलेल्या वाडग्यांवर, कपांवर आणि लहान ताटल्यांवर हे साहित्य सातत्याने वापरले. भाजणी मात्र एका स्टुडिओच्या विजेच्या भट्टीत करून घेतली. या कामाकडे नव्याने वळणारी बहुतेक माणसे रंगांच्या बाटल्यांवर भरपूर पैसे घालतात आणि मेण मिळेल ते उचलतात. मीही तेच केले होते. आता माझे स्पष्ट मत असे आहे की पैसे आधी मेणावर आणि एका चांगल्या कोरणीवर खर्च करावेत आणि रंगांमध्ये सुरुवातीला फक्त काळा घ्यावा.

मेणाला इतके महत्त्व का, हे कळण्यासाठी कामाची रीत थोडी सांगायला हवी. चाकावरून उतरवलेले भांडे चामड्यासारखे घट्ट झाले, म्हणजे बोटाने दाबल्यावर वाकत नाही पण नखाने ओरखडा उठतो अशा अवस्थेत आले, की त्यावर मेणाचा पातळ थर द्यायचा. तो वाळल्यावर मेणासकट माती कोरायची आणि कोरलेल्या रेषेवरून अंडरग्लेझचा कुंचला फिरवायचा. रंग उघड्या मातीला धरतो, मेणावर मात्र त्याचे थेंब होऊन राहतात आणि ते पिळून घेतलेल्या स्पंजने पुसता येतात. बाटिकमध्ये कापडावर मेण जे काम करते तेच येथे मातीवर करते, आणि बिदरच्या बिद्रीकामात खोदलेल्या जागी जशी चांदी बसवतात तसा येथे रेषेत रंग बसतो. कोरियात गोर्यो काळात, विशेषतः बाराव्या शतकात, कोरलेल्या नक्षीत पांढरी आणि काळसर माती भरून वर हिरवट सेलाडॉन ग्लेझ चढवत असत. त्या पद्धतीला तेथे सांग्गाम म्हणतात आणि तिचेच जपानी नाव, मिशिमा, आज जगभरच्या स्टुडिओंमध्ये रूढ आहे. त्या जुन्या पद्धतीत जादा माती खरवडून काढावी लागे. मेणामुळे ते खरवडणे वाचते, आणि म्हणूनच मेण वाईट निघाले तर सगळे काम वाया जाते.

मी पहिल्यांदा घेतलेले मेण एका विक्रेत्याने सुट्या बाटलीत भरून दिलेले होते. बाटलीवर उत्पादकाचे नाव नव्हते आणि वापराची सूचनाही नव्हती. ते इतके घट्ट होते की कुंचल्याच्या केसांच्या रेघा थरात तशाच राहत, आणि वाळल्यावर कोरायला घेतले की रेषेच्या कडेने त्याचे पापुद्रे सुटत. पापुद्रा सुटलेल्या जागी रंग मातीत शिरला, आणि एक केसाएवढी रेषा हवी होती तेथे दातेरी डाग उमटला. त्या बाटलीतून केलेल्या अकरा वाडग्यांपैकी चारच मला कोणाला दाखवावेसे वाटले. पाणी घालून ते पातळ करून पाहिले, तेव्हा थर सारखा बसला, पण रंग अडवण्याची त्याची ताकद गेली.

त्यानंतर मी कुंभारकामासाठीच बनवलेले, सीलबंद बाटलीतले मेणाचे इमल्शन मागवले आणि फरक पहिल्याच भांड्यावर दिसला. ते दुधासारखे दिसते आणि सायीइतके दाट असते, कुंचल्यातून सहज उतरते आणि वाळल्यावर पारदर्शक, किंचित लवचीक थर देते. कोरणी त्यातून जाते तेव्हा मेण मातीबरोबरच बारीक वळीच्या रूपात उचलले जाते आणि कड स्वच्छ राहते. मेण विकत घेताना ही एकच गोष्ट तपासावी असे मी म्हणेन: वाळलेल्या थरावरून सुई ओढली असता कड तुटते की कापली जाते. दुकानात तपासणे शक्य नसेल, तर सर्वांत लहान बाटली घेऊन घरी मातीच्या तुकड्यावर आधी ही परीक्षा करावी.

चांगल्या मेणालाही वेळ द्यावा लागतो. हाताला कोरडे लागले म्हणून तासाभरात कोरायला घेतले, तर कोरणीला चिकटा बसतो. मी आता मेण रात्री लावते आणि सकाळी कोरते. या मधल्या काळात भांड्याची माती मात्र वाळता कामा नये, आणि येथे आपल्या हवेचा प्रश्न येतो. जुलै-ऑगस्टमध्ये पुण्यात भांडे झाकून ठेवले तर दोन-दोन दिवस कोरण्याजोगे राहते, आणि या कामासाठी यापेक्षा चांगला हंगाम नाही. एप्रिल-मेमध्ये मेण न लावलेली आतली बाजू आणि काठ एवढ्या लवकर वाळतात की सकाळी काठाजवळ कोरताना माती भुकटीसारखी सुटते. उन्हाळ्यात म्हणून मी काठावर ओल्या कापडाची पट्टी ठेवते आणि पूर्ण भांडे प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करते. कोकणात किंवा मुंबईत काम करणाऱ्यांना ही अडचण कमी जाणवेल, विदर्भात नक्कीच जास्त.

मेणाविषयी आणखी काही गोष्टी सांगणे आवश्यक आहे. पारदर्शक थर कोठे लागला आणि कोठे सुटला हे दिसत नाही, म्हणून त्यात खाण्याच्या रंगाचे दोन थेंब घालावेत. तो भट्टीत जळून जातो. कुंचला मेणात बुडवण्याआधी भांडी घासण्याच्या द्रव साबणात भिजवून पिळून घ्यावा आणि काम संपताच साबणाने धुवावा, नाहीतर तो दुसऱ्या दिवशी काडीसारखा कडक होतो. तरीही मेणासाठी स्वस्त आणि वेगळा कुंचलाच ठेवावा. नको त्या जागी मेणाचा थेंब पडला, तर कच्च्या भांड्यावरून तो मातीच्या पातळ थरासह खरवडून काढता येतो, पण एकदा भाजलेल्या सच्छिद्र भांड्यात तो मुरतो आणि पुन्हा भट्टीत जाळल्याशिवाय निघत नाही. मेण जळताना धूर होतो. त्यामुळे घरात छोटी भट्टी असणाऱ्यांनी खिडकी आणि पंखा यांची सोय केल्याशिवाय मेण लावलेली भांडी भाजू नयेत. मेणबत्तीचे मेण वितळवून लावण्याचा जुना मार्ग स्वस्त असला तरी मी त्याची शिफारस करणार नाही, कारण जास्त तापलेले मेण पेट घेऊ शकते आणि थंड मातीवर त्याचा थर जाड व असमान बसतो.

अंडरग्लेझसाठी मी अमाकोच्या वेल्व्हेट मालिकेतला गडद काळा रंग वापरला. ही कंपनी अमेरिकेतील इंडियानापोलिसची, 1919 साली स्थापन झालेली. या मालिकेचे नाव सार्थ आहे. वर ग्लेझ न देता भाजले तर रंगाचा पृष्ठभाग खरोखरच मखमलीसारखा मऊ आणि चमकविरहित दिसतो. रंग कच्च्या भांड्यावर लावता येतो आणि पहिल्या भाजणीनंतरही, आणि कोन 05 पासून कोन 10 पर्यंत (कोन हे भट्टीतल्या उष्णतेचे माप) तो वापरता येतो, जरी वरच्या तापमानाला काही छटा बदलतात. कोनाच्या आकड्यांविषयी नवख्या माणसांचा नेहमी गोंधळ होतो: शून्य लागलेला कोन 06 सुमारे 1000 अंश सेल्सिअसचा आणि बिनशून्याचा कोन 6 सुमारे 1220 अंशांचा, त्यामुळे भट्टी चालवणाऱ्याला निरोप देताना आकडा लिहूनच द्यावा. माझी स्टोनवेअर, म्हणजे जास्त तापमानाला भाजायच्या मातीची, भांडी पहिल्यांदा कोन 06 ला आणि ग्लेझ चढवून कोन 6 ला भाजली गेली. दोन्ही भाजण्यांनंतर काळा रंग रेषेतून जराही पसरला नाही. हा या रंगाचा सर्वांत मोठा गुण आहे. अर्ध्या मिलिमीटरची रेषा तशीच अर्ध्या मिलिमीटरची राहते.

मोठ्या जागेवर रंग सपाट आणि अपारदर्शक हवा असेल तर तीन हात द्यावे लागतात आणि त्यात बाटली झपाट्याने संपते. भांड्याला आधी रंगाचे हात देऊन नंतर तो कोरून खालची माती उघडी करण्याच्या पद्धतीत, म्हणजे स्ग्राफितोत, हा खर्च जाणवतो. आयात केलेल्या बाटलीची किंमत पाहता अशा कामासाठी मी स्वतःच्याच मातीचे पातळ कालवण करून त्यात काळा स्टेन, म्हणजे मातीत मिसळायची रंगाची पूड, मिसळते. ते भांड्याबरोबर सारखेच आकसते आणि खूप स्वस्त पडते. चीनमध्ये सोंग काळात त्सिझोउच्या भट्ट्यांवर पांढऱ्या थरावर काळा थर देऊन तो कोरत, आणि ते सारे काम मातीच्या कालवणानेच होत असे. रेषेत भरण्यासाठी मात्र बाटलीतला रंगच घ्यावा, कारण तो बारीक दळलेला असतो, रेषेच्या तळापर्यंत जातो आणि एका लहान बाटलीत कित्येक भांडी होतात.

इतर रंगांपैकी मी गुलाबी आणि हिरवा घेतला आणि दोन्हींनी मला सावध केले. दोष रंगांचा नव्हता, वर दिलेल्या पारदर्शक ग्लेझचा होता. ग्लेझमध्ये जस्त असेल तर क्रोमियमवर आधारलेला हिरवा तपकिरीकडे झुकतो आणि क्रोम व कथील यांच्यापासून बनणारा गुलाबी फिका पडतो. माझ्या चार कपांवरची पाने वाळक्या पानांसारखी झाली, तेव्हा ग्लेझ देणाऱ्या स्टुडिओत विचारल्यावर त्यात जस्त असल्याचे समजले. रंगीत अंडरग्लेझ घेण्याआधी आपल्या ग्लेझमध्ये काय आहे हे विचारून घ्यावे आणि एका तुकड्यावर दोन्ही भाजण्या करून पाहाव्यात. काळ्याच्या बाबतीत मला असा एकही धक्का बसला नाही, आणि सुरुवात त्याच्यापासून करावी असे मी म्हणते त्याचे हेही एक कारण आहे.

कोरण्यांपैकी तीन प्रकार मी वापरून पाहिले. तारेची गोल कडी असलेली साधी कोरणी दुकानात सहज मिळते आणि जाड रेषांसाठी किंवा पार्श्वभूमी खोल करण्यासाठी पुरेशी आहे, पण भाजलेल्या मातीची भुकटी मिसळलेल्या खरखरीत स्टोनवेअरवर तिची धार काही आठवड्यांत जाते आणि मग ती माती कापण्याऐवजी ओढते. छत्रीची काडी ठोकून आणि घासून घरी केलेली कोरणी अनेक कुंभार वापरतात. केसासारख्या रेषेसाठी ती मला आजही सर्वांत आवडते. टंगस्टन कार्बाइडच्या पात्याची, इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराची कोरणी महाग आहे, परंतु वर्षभरात तिला एकदाही धार लावावी लागली नाही आणि मेणाचा थर ती इतका स्वच्छ कापते की पुसताना रेषेच्या कडेला रंगाची सावली राहत नाही. कार्बाइड कठीण असले तरी ठिसूळ असते, हे घेणाऱ्याने लक्षात ठेवावे. माझी पहिली कोरणी ओट्यावरून फरशीवर पडली आणि पात्याचा टवका उडाला. दुसरी मी जाड कापडाच्या म्यानात ठेवते.

कोरीव कामासाठी भांडे नेहमीपेक्षा थोडे जाड, भिंत सात-आठ मिलिमीटरची असेल असे काढावे आणि रेषा एक मिलिमीटरपेक्षा फार खोल नेऊ नये, कारण खोल रेषेत रंग आकसून मधोमध भेग पडते. कडेला उठलेली मातीची कोर ओली असताना बोटाने दाबू नये. ती रेषेत परत बसते. भांडे थोडे आणखी घट्ट झाले की ती मऊ कुंचल्याने झटकावी, पण पूर्ण वाळल्यावर मात्र घासू नये, कारण कोरड्या मातीच्या धुळीतील सिलिका फुप्फुसांना कायमची इजा करते. कोरल्यावर खाली पडलेला चुराही मी झाडूने काढत नाही, ओल्या फडक्याने उचलते.

या साहित्याची तुलना करताना मला आपल्याकडच्या जुन्या कामाची आठवण झाली. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जॉर्ज टेरी यांच्या देखरेखीखाली ग्लेझ दिलेली नक्षीदार भांडी घडत असत, आणि तेथलेच शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांसह केलेल्या अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृतींमधील आकृत्या त्यांवर उतरल्या. त्या कारागिरांच्या हाती सीलबंद मेण नव्हते आणि कार्बाइडही नव्हते. आज हे सारे घरपोच मिळत असताना अजिंठ्याच्या छतावरची कमळे आणि हंस एखाद्या साध्या वाडग्याच्या काठावर काळ्या रेषेत यावेत, असे मला मनापासून वाटते, आणि सध्या माझे काम त्याच नक्षीवर चालू आहे.

पहिलीच खरेदी करणाऱ्याने सीलबंद मेणाची लहान बाटली, काळ्या अंडरग्लेझची लहान बाटली आणि कार्बाइडची एक कोरणी घ्यावी. बजेट अपुरे असेल तर कार्बाइडऐवजी छत्रीची काडी चालेल, मेणात मात्र काटकसर करू नये. माझी मेणाची दुसरी बाटली निम्मी उरली आहे, काळ्या रंगाचा तळ दिसू लागला आहे, आणि पाऊस आहे तोवर दोन्ही पुन्हा मागवून ठेवणार आहे.